अक्का, खरवस घेऊ की दुधाची पिशवी?

प्रिय अक्का,

सप्रेम भांडण.

सर्वांत आधी माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. माझं मंगळसूत्र मधोमध राहत नाही! सकाळी आरशासमोर उभी राहून दोन्ही वाट्या मी बरोबर मध्यावर आणून ठेवते, झेंडावंदनाच्या शिस्तीत. जिना उतरून मंगळवार पेठेच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या उजवीकडं पळालेल्या असतात. वर्गात फळ्याकडं वळले की पळतात. बँकेत सही करायला वाकले की थेट काखेत जाऊन बसतात. परवा एका अनोळखी बाईंनी मला भररस्त्यात थांबवलं, स्वतःच्या हातानं ते मधे आणून ठेवलं आणि 'असं बरं दिसत नाही हो' म्हणून निघून गेल्या. संसार इतकी वर्षं सरळ चाललाय, त्याचं कुणाला काही नाही. मंगळसूत्र वाकडं म्हटल्यावर गावाला काळजी!

महापालिकेत ही तक्रार कुठल्या खिडकीवर घेतात ते कुणाला सांगता येईना. म्हणून तुला लिहितेय.

कारण भूगोलाचं आहे, अक्का. माझ्या छातीवर सध्या डावीकडं पन्हाळा आहे आणि उजवीकडं रंकाळा. आता गडावर ठेवलेली वस्तू तळ्याकडंच घरंगळणार. त्यात वाट्यांची तरी काय चूक?

थांब, तुला काहीच ठाऊक नाही. तू गेलीस आणि वर्षाच्या आत मलाही तेच निघालं. व्हय, तेच. तुझं डावं गेलं होतं, माझंही डावंच. एका घरातल्या पोरी आपण. परकराचं कापडसुद्धा एकाच ठाणातून फाडून यायचं आपल्याला!

डॉक्टरांनी ते काढलं. मग औषधं झाली, केस गेले. परत आले ते कुरळे आले! लहानपणापासून तुझ्या कुरळ्या केसांवर मी जळत आले, आणि आता मिळाले तेव्हा ते बघून नाक मुरडायला तू नाहीस. हा कुठला न्याय?

आणि आता रिकाम्या जागी नवीन बसवायचं चाललंय. त्याची रीत अशी, की आधी कातडीखाली एक मोकळी पिशवी घालून ठेवतात. मग दर आठवड्याला सुईनं तिच्यात थोडं थोडं मिठाचं पाणी भरतात, म्हणजे कातडी ताणत जाते आणि जागा तयार होते. सायकलच्या दुकानात हवा भरायला जावं तशी मी जात होते. विलासराव बाहेरच्या बाकावर बसायचे आणि मी आले की विचारायचे, "झालं भरून?" आसपासच्या बायका आमच्याकडं बघायच्या.

ती पिशवी आता पुरती भरलीय. दगडासारखी घट्ट, मान ताठ करून बसलीय. तोच पन्हाळा. पुढच्या आठवड्यात ती काढायची आणि कायमचं बसवायचं. त्यात दोन प्रकार आहेत, सिलिकॉनचं आणि सलाईनचं. कुठलं हवं ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, कारण मागवावं लागतं. म्हणून जेवणं आवरून हे लिहायला बसले. या विषयातली आपल्या घरातली एकमेव जाणकार तू. आणि नेमकी तूच जागेवर नाहीस!

आधी एक गंमत सांगते. ऑपरेशन झालं तेव्हा विलासरावांनी शेजारीपाजारी काय सांगितलं असेल? "हिचं छातीचं ऑपरेशन झालं." झालं! पेठेत बातमी पसरली की सुनंदाबाईंना हार्टचा त्रास. मी घरी आले तर समोरच्या वहिनी बिनतेलाची दोडक्याची भाजी घेऊन हजर. खालचे काका जिन्यातूनच ओरडले, "बाई, जिना चढायचा न्हाय हां! किती ब्लॉक हुतं?" मी म्हटलं, "एकच होता काका, तो आख्खा काढला." त्यावर ते समाधानानं म्हणाले, "मग उत्तम. मुळासकट काढल्यालं बरं."

आठवडाभर मी बिनतेलाचं खाल्लं, अक्का. कोल्हापुरात राहून! पण तो शब्द काही विलासरावांच्या तोंडून निघाला नाही. आणि मी तरी कधी उच्चारला होता? दर रविवारी पेपरात लेख लिहून गावाची साल काढते मी, आमदारापासून रिक्षावाल्यापर्यंत कुणाला सोडलं नाही. पण स्वतःच्या अंगाचं नाव घ्यायची वेळ आली की माझंही 'छाती'वरच भागायचं. आपल्या घरात तो शब्द सरळ उच्चारणारी एकटी तू. आमच्या सगळ्या परीटघडीच्या मंडळींसमोर म्हणाली होतीस, "थान काढलंय माझं. जीभ न्हाय काढली. बोला की!"

तर डॉक्टरीणबाई. आपल्या गार्गीच्या वयाची पोरगी असेल. केस बांधलेले, बोलणं टकाटक. तिनं दोन्ही नमुने टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, हातात घेऊन बघा. लाजू नका. पाहिजे तेवढं दाबा."

मी आधी सिलिकॉनचं उचललं. अक्का, खरवस! ताजा, नुकता उकडून थंड केलेला, वड्या पाडायच्या आधीचा खरवस. बोट रुततं आणि काढलं की अलगद भरून येतं. मग सलाईनचं उचललं. ती चक्क दुधाची पिशवी! घट्ट, तुळतुळीत, जरा हलवलं की आत डुचमळणारी. आपल्या जिल्ह्यात दुधाशिवाय काही सुचतच नाही माणसाला. त्यात पुढ्यात असल्या वस्तू!

विलासरावांनी दोन्ही नमुने हातात घेतले, आंबा बघतात तसे अंगठ्यानं दाबले आणि मी बघतेय म्हटल्यावर चटका बसल्यासारखे खाली ठेवले. तुला तुझे मेहुणे माहीत आहेत. सगळा जन्म कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पंपांची कास्टिंगं तपासण्यात गेला. कुठलीही वस्तू दाखव, ती कशी चालते हे विचारणार नाहीत. कशी मोडते ते विचारतील. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा काय विचारलं होतं, आठवतंय ना? "रागावल्यावर किती वेळ बोलत नाही?"

घसा खाकरून म्हणाले, "यांची लीक टेस्ट करता का?"

डॉक्टरीणबाई हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "कारखान्यात करतात सर. पण दोन्ही आयुष्यभराची नाहीत, हे आधीच सांगते. कधी ना कधी बदलायला लागू शकतात."

"आणि फुटलं तर?"

"तिथंच फरक आहे," ती म्हणाली. "सलाईनमधे मिठाचं पाणी असतं. फुटलं की पाणी अंगात जिरतं, त्यानं अपाय होत नाही. पण एकदोन दिवसांत ती बाजू उतरते. लपत नाही. सिलिकॉनमधे जेल असतं, घट्टसर. ते फुटलं तरी बहुतेक वेळा जागच्या जागी राहतं. बाहेरून आकार तोच. दुखेलच असं नाही. पेशंटला कळतच नाही कधीकधी. म्हणून मधूनमधून तपासणी करून घ्यायची."

"आणि दिसायला, हाताला?" विलासरावांनी विचारलं.

"सिलिकॉन जास्त नैसर्गिक वाटतं. मॅडमची कातडी पातळ आहे. सलाईनला वरून थोड्या सुरकुत्या दिसू शकतील, हाताला जरा घट्ट लागेल. बहुतेक जणी सिलिकॉनच घेतात."

मी विचारलं, "नैसर्गिक वाटतं म्हणजे कुणाला वाटतं?" कारण अक्का, तुला तर ठाऊक आहे, त्या जागेला आता काही कळतच नाही. चिमटा काढला तरी शेजारणीला काढल्यासारखा. मला तिथं खरवस काय आणि खोबऱ्याची वाटी काय! विलासराव एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. डॉक्टरीणबाई मात्र आता हसली. "मॅडम, हा प्रश्न मला अजून कुणी विचारला नव्हता."

 घरी येईपर्यंत स्कूटरवर मला तुझी राळ्याची पिशवी आठवत राहिली.

काय डोकं होतं ग तुझं! ऑपरेशननंतर तुला कुणीतरी पुण्याहून तयार मिळतं ते मागवायला सांगितलं होतं. किंमत ऐकून तू म्हणालीस, "त्यात म्हशीचं रेडकू येतंय. ते दूध तरी दील." आणि घरी आलीस, जुन्या मलमलीच्या धोतराची पिशवी शिवलीस, तिच्यात पोपटाला घालतात ते राळे भरलेस आणि ब्लाउजला आतून खिसा लावलास. मी विचारलं, "वजन कसं जमवलंस?" तर म्हणालीस, "एका हातात ह्ये, एका हातात त्ये. भाजी घेताना तुला अंदाज येत न्हाय व्हय?" आणि ती पिशवी काढून माझ्या अंगावर फेकलीस. मी दचकून झेलली. तुझ्या अंगाची ऊब होती तिला.

आणि मोड! आठवतंय? पिशवी धुतलीस, पिळलीस, सासऱ्यांच्या नजरेला पडायला नको म्हणून ओल्या पंच्यात गुंडाळून डब्यात घातलीस, डबा मांडणीच्या मागं सारलास आणि दुसरी पिशवी लावून माझ्याकडं मुक्कामाला आलीस. परत गेलीस तर सासूबाईंनी डबा उघडलेला. पंच्यातून, मलमलीच्या विणीतून, पांढरे लुसलुशीत मोड बाहेर आलेले. म्हातारी कौतुकानं म्हणाली, "सूनबाई, मटकी झ्याक मोडावलीया. उद्या मिसळ करूया की!"

फोनवर हे सांगताना तू इतकी हसत होतीस की मला वाटलं रडतेयस. शेवटी म्हणालीस, "सुने, कुणाच्या थानाला दूध येतं. माझ्या थानाला मोड आलं!"

मीसुद्धा राळ्याची पिशवी करून बघितली, बरं का. मला नाही जमली. एका गणेश मंडळात व्याख्यान होतं. मान वर करून श्रोत्यांवर जोरात टीका केली की पिशवी वर सरकायची. शेवटी ती गळ्याशी आली आणि मला विषय आवरता घ्यावा लागला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आटोपशीर भाषण! लोकांनी फार कौतुक केलं.

तेव्हाच ठरवलं की बसवून घ्यायचं. तर लगेच सुरू, "या वयात कशाला?" या वयात लोक दात बसवतात, गुडघे बदलतात, मिशा काळ्या करतात. त्यांना कुणी विचारत नाही. मला मात्र सगळ्यांना कारण सांगायचं! कारण एवढंच आहे, अक्का, की सकाळी अंघोळ करून आल्यावर पाचदहा मिनिटं मला या विषयाचा विचार करायचा नाही. दुसऱ्या कशाचा तरी करायचाय. महागाईचा, दातदुखीचा, कशाचाही. तुला रिकाम्या जागेशी जमलं. तू तिला शिव्या दिल्यास, राळे दिलेस, संसारात सामावून घेतलंस. मला नाही जमलं. यात तुझं मोठं आणि माझं लहान असं काही नाही ना?

आज सकाळी गार्गीचा पुण्याहून फोन. तिनं सगळं वाचून काढलंय. "आई, सिलिकॉन. विचारूच नकोस. सलाईन आता फारसं कुणी घेत नाही."

मी म्हटलं, "बाळ, साडी आहे का ती?"

"आई, प्लीज! सलाईन फुटलं तर दिसतं. तू कॉलेजात असशील, कार्यक्रमात असशील आणि एका बाजूनं उतरलं तर? तुला चालेल?"

तेवढ्यात दारात नसीमभाभी उभ्या. आपल्या नसीमभाभी, तुझ्या ब्लाउजला आतला खिसा कसा लावायचा यावर ज्यांच्याशी तू तासभर हुज्जत घातली होतीस त्या. तुझ्या पश्याचं लग्न ठरलंय, अक्का! मुलगी निपाणीची, घरात निम्मं कानडी बोलतात, तुझी मजा झाली असती. तर लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकलेत. भाभी गळ्यात टेप अडकवून माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, माप आत्ताचं घेऊ का हुणार हाय ते?"

"काय होणार आहे तेच ठरेना भाभी."

"मग बाह्या तेवढ्या कापून ठेवते," त्या म्हणाल्या. "त्या तर बदलणार न्हाईत नव्हं?" आणि चहा पिऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी गार्गीच्या प्रश्नावर विचार करत बसले. चालू कार्यक्रमात एका बाजूनं उतरलं तर? आणि अक्का, खरं सांगू, मला त्याची भीती वाटली. लोक हसतील म्हणून नाही, हसवणं तर माझा धंदा आहे. मी न सांगता त्यांना कळेल म्हणून.

आणि मग मला जोतिबा आठवला.

शेवटच्या वर्षी आपण दोघी गेलो होतो. तू पायऱ्यांवरच्या एकूण एक दुकानात थांबलीस. नारळाच्या, गुलालाच्या, चिरमुऱ्याच्या, बांगड्यांच्या. प्रत्येक ठिकाणी भाव विचारलास, हात लावून बघितलंस, टेकलीस, घासाघीस केलीस आणि काही न घेता उठलीस. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "मावशी, घ्यायचं न्हाय तर हात कशाला लावायचा?" तू म्हणालीस, "बघायला बी पैसं पडत्यात व्हय, पावणं? मग तुझ्या तोंडाकडं बघितल्यालं किती झालं?" आख्खी पायरी हसली. मी सगळ्यात जास्त हसले. पुढच्या रविवारी त्यावर लेखच लिहिला, 'माझी अक्का आणि जोतिबाची बाजारपेठ'. लोकांनी तो कापून ठेवला. तूही फोन करून म्हणालीस, "झ्याक लिवलंयस." पश्या नंतर सांगत होता, तू तो वाचताना बरगडी धरून हसत होतीस. मला वाटलं, लेखच तसा उतरलाय!

तू पायऱ्या चढू शकत नव्हतीस, अक्का. दर चार पायऱ्यांनी तुला बसावं लागत होतं. आणि 'मला बसायचंय' एवढं म्हणायला नको म्हणून तू जोतिबाच्या सगळ्या दुकानदारांशी भांडलीस.

पाठ दुखते म्हटल्यावर सांगायचीस, "धारा काढून धरलीया." कंबर दुखते म्हटल्यावर, "म्हशीनं ढुशी दिली." त्या बिचाऱ्या म्हशीला दाजींनी विकायला काढलं होतं! तुझ्या आवाजानं आख्खी गल्ली जागी व्हायची. दुधात पाणी घातलं म्हणून तू चौकात उभी राहून भांडायचीस. पण स्वतःच्या दुखण्याला तुझ्यापाशी कुजबुजसुद्धा नव्हती. शेवटी तुला उचलूनच न्यावं लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाडात गेलंय, आणि हे आजकालचं नाही." दाजी माझ्याकडं बघायला लागले, मी पश्याकडं, पश्या तुझ्याकडं. आणि तू? तू सिस्टरला विचारत होतीस, "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

मी तुला एकटीला गाठून विचारलं, का सांगितलं नाहीस? तू म्हणालीस, "सांगून काय हुणार हुतं? तुमची बी जेवणं गेली असती."

आमची जेवणं वाचवलीस तू! त्या सगळ्या महिन्यांत आम्ही किती चवीनं जेवलो, काय सांगू. हुरडा खाल्ला, पुरणपोळ्या खाल्ल्या. तुझ्याच हातचा तांबडा-पांढरा ओरपला. आज त्यातला एकही घास मला आठवत नाही, आणि आठवला तर गिळवत नाही. हिशेब कसा काय जमला ग हा?

लवकर सांगितलं असतंस तर वाचली असतीस का? मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. कदाचित नसतीस. पण जोतिबाला मी तुझा हात धरला असता. एवढं तरी करू द्यायचंस!

म्हणून त्या दिवशी डॉक्टरीणबाई 'बाहेरून आकार तोच, कळतच नाही' म्हणाली तेव्हा विलासराव मन लावून ऐकत होते आणि मी टेबलावरचा तो खरवस जरा लांब सारला. तो प्रकार माझ्या ओळखीचा होता. मऊ, हवाहवासा, कुणालाही जवळचा वाटेल असा. आणि आत काय झालंय याचा पत्ता लागू न देणारा.

सिलिकॉन वाईट असं माझं म्हणणं नाही हं. ती पोरगी शहाणी आहे, बहुतेक जणी तेच घेतात, त्या काही वेड्या नाहीत. नेमानं तपासणी केली की झालं. पण मी स्वतःला ओळखते. मी तुझीच बहीण आहे. 'पुढच्या महिन्यात जाऊ', 'परीक्षा संपू देत', 'लग्न उरकू दे' म्हणत मी ती तपासणी तुझ्याइतक्याच कौशल्यानं टाळीन. वर त्यावर एक खुसखुशीत लेख लिहीन!

तेव्हा मला बोंब मारणारी वस्तू हवी. फुटली की सगळ्यांना दिसणारी. मला झाकायची इच्छा झाली तरी जी मला झाकू देणार नाही अशी.

इथवर लिहून मधेच उठले आणि फोन केला. म्हटलं, "सलाईन."

डॉक्टरीणबाई म्हणाली, "नक्की, मॅडम? सिलिकॉन जास्त मऊ असतं."

"मऊपणाबद्दल माझं आजवर कुणी कौतुक केलेलं नाही," मी म्हटलं. "आता या वयात सवय कशाला लावू लोकांना?"

"सुरकुत्या दिसल्या तर मला बोलायचं नाही हां!"

"चेहऱ्यावरच्या चालल्यात की. त्यांना खाली थोडी सोबत होईल."

मग गार्गीला कळवलं. ती चिडली. "आई, फुटलं तर परत ऑपरेशन करावं लागेल, कळतंय का तुला?"

"लागेल. पण मला कळलेलं असेल, तुला कळलेलं असेल."

 ती हळूच म्हणाली, "मावशीसारखं नको व्हायला, ना?"  मी इकडून नुसती मान हलवली. फोनवर ती दिसते थोडीच! पण पोरीला कळलं असावं. "बरं. सलाईन तर सलाईन," म्हणाली आणि ऑपरेशनच्या दिवशी येतेय म्हणाली.

तू वर बसून काय म्हणत असशील तेही मला ऐकू येतंय. "पाणी भरून घ्यायला डॉक्टर कशाला लागतोय? नळाला लावायचं की!" हस, हस. हसताना तुला आता काही दुखत नसेल.

तर अक्का, आता वचन. इथून पुढं मला दुखलं तर मी त्याच दिवशी सांगीन. ताटावर बसले असले तर ताटावर, मांडवात असले तर मांडवात, पश्याच्या अक्षता चालू असल्या तर मंगलाष्टकं थांबवून. कुणाची जेवणं गेली तर जाऊ देत. आपल्या गावात एका वेळेच्या उपासानं कुणी वाळत नाही.

एवढं लिहून मी पेन ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन आले. विलासराव पेपर वाचत होते.

"अहो," मी म्हटलं, "पाठीत दुखतंय. उजव्या खांद्याच्या खाली. आजचं नाही, बरेच दिवस झाले. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "कुठं? बोट ठेव."

ठेवलं. त्यांनी तिथं तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. 'आधी का नाही सांगितलंस' असं विचारतील म्हणून मी उत्तर तयार करून गेले होते, चांगलं टोकदार. ते वायाच गेलं. "बरं," म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर फिरवायला लागले.

बहुतेक काही नसेल. आठवड्याच्या आठवड्याला ताण बसलाय, त्याचं असेल. आत्ता बाहेरून त्यांचा आवाज येतोय, "हो, हो, उद्या सकाळी घेऊन येतो." मी इथं बसून सही करतेय.

तुझीच,
सुनी